१५२२ चा लेंट: ख्रिस्ताचा कित्ता गिरवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

‘त्या काळातल्या लोकांच्या मनात काय होतं’ असा प्रश्न तुम्ही प्रपोजलमध्ये लिहिलात, की गाईड पहिला प्रश्न विचारणार: पुरावा काय? मन कुठल्याही दफ्तरखान्यात सापडत नाही. कागद सापडतात, हिशेब सापडतात, तक्रारी आणि साक्षी सापडतात. मग श्रद्धेचा इतिहास लिहायचा कसा? आज यावर एक नमुना घेऊन बोलू. एकच वर्ष, त्यातले साधारण सहा आठवडे, आणि युरोपातली तीन गावं.

आधी विषय. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ. आपल्याकडे वसई भागात याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस ४६ भरतात. मधले सहा रविवार वगळायचे, कारण रविवारी उपवास नसतो. राहिले चाळीस. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याची ही आठवण. पण नुसती आठवण नव्हे. त्या दिवसांत माणसाने ख्रिस्तासारखा विचार करायला आणि ख्रिस्तासारखं वागायला शिकावं, अशी अपेक्षा आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हीच अपेक्षा आहे: ख्रिस्ताची जी मनोवृत्ती होती ती तुमच्यात असू द्या, अशा अर्थाची.

ऐकायला सोपं वाटतं. पण कित्ता गिरवायचा तर आधी कित्त्यातली अक्षरं कोणती ते ठरायला हवं. त्याचा उपवास गिरवायचा? की तो जकातदारांबरोबर बसून जेवायचा ते? नियम मोडून शब्बाथाच्या दिवशी लोकांना बरं करायचा ते? हे सगळं एकाच माणसाचं वागणं आहे, आणि ते एकाच वेळी गिरवता येत नाही. १५२२ सालच्या लेंटमध्ये तीन माणसांनी या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं दिली, आणि गंमत म्हणजे तिन्ही उत्तरांमध्ये जेवणाचं ताट मध्यभागी आहे.

त्या वर्षीचा ईस्टर २० एप्रिलला आला. जुन्या ज्युलियन पंचांगाचं गणित फार अवघड नाही. १९, ७ आणि ४ ने भागून येणाऱ्या बाक्यांवरून दहा मिनिटांत तारीख निघते. ज्यांना तारखांवर काम करायचंय त्यांनी ते एकदा हाताने करून बघावं. एकदा ईस्टर पक्का झाला की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं: राखेचा बुधवार ५ मार्च, लेंटचा पहिला रविवार ९ मार्च, तिसरा रविवार २३ मार्च. ही सांगाडा-तारीख हातात असली की वेगवेगळ्या गावांतल्या घटना एका ओळीत मांडता येतात. मी हे केलं नसतं तर हा लेखच झाला नसता.

पहिलं गाव झुरिक. तिथे क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाचा छापखानेवाला होता. त्याच्या घरी लेंटच्या ऐन सुरुवातीला काही मंडळी जमली आणि दोन सुकवलेली सॉसेजं कापून सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली. गोव्याचं चोरीस डोळ्यांसमोर आणा. लेंटमध्ये मांस निषिद्ध होतं, आणि हा नियम नुसता घरगुती रिवाज नव्हता. तो मोडणं हा गुन्हा होता. हजर असलेल्यांमध्ये झुरिकच्या मुख्य चर्चचा प्रवचनकार उलरिक झ्विंगली होता. सगळ्यांनी खाल्लं, त्याने खाल्लं नाही. बातमी फुटली, नगर परिषदेने चौकशी लावली, साक्षी लिहून घेतल्या. त्या साक्षींमुळे आपल्याला हे सगळं माहीत आहे.

इथे थोडं थांबू. या साक्षींमध्ये मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती एल्सी फ्लामर हिची. ती छापखानेवाल्याची मोलकरीण. तिने सांगितलं की मालकाच्या हुकमावरून राखेच्या बुधवारी तिने सॉसेजं शिजवली. कोणी कोणी खाल्ली त्यांची नावं दिली. आणि नंतर मालकाच्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांनीही त्यातलं खाल्लं, असं सांगितलं. बहुतेक पुस्तकं या घटनेची तारीख ९ मार्च देतात, साक्षी राखेचा बुधवार म्हणतात. अशा ठिकाणी नवशिक्या संशोधकाला मोह होतो तो सोयीची तारीख उचलण्याचा. ९ मार्च जास्त सोयीची आहे, का ते पुढे कळेल. पण ज्या बाईच्या हातून सॉसेजं शिजली तिचं म्हणणं तळटीपेत ढकलू नये, एवढं मी म्हणेन.

फ्रोशाउअरने परिषदेपुढे जी बाजू मांडली ती वाचण्यासारखी आहे. पहिलं कारण धर्मशास्त्राचं नाहीच. त्याचं म्हणणं असं: फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी पौलाची पत्रं छापून पूर्ण करायची आहेत, माझी माणसं रात्रंदिवस, सणासुदीला राबतायत, नुसत्या पेजेवर इतकं काम होत नाही, आणि मासळी दर वेळी विकत घेणं मला परवडत नाही. बघा, पौलाची पत्रं छापायला सॉसेज लागलं! डेडलाइनचा हा युक्तिवाद पाचशे वर्षांनंतरही कुठल्याही लॅबमध्ये चालेल. पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे. उपवासाचा नियम सगळ्यांना सारखा दिसतो, त्याचं ओझं सारखं नसतं. ज्याच्याकडे मासळीला पैसे आहेत त्याचा उपवास आणि छापखान्याचा दांडा दिवसभर ओढणाऱ्याचा उपवास, दोन्हींना शब्द एकच.

शिवाय सवलतही विकत मिळायची. मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी हेही लेंटमध्ये वर्ज्य होतं, आणि आल्प्सच्या उत्तरेला, जिथे तेल महाग आणि लोणी स्वस्त, तिथे हा नियम लोकांना फार जड जायचा. पैसे भरले की लोणी खायची परवानगी मिळे. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणूनच ओळखला जातो, कारण तो अशा पैशांतून उभा राहिल्याचं सांगतात. ख्रिस्ताचा उपवास गिरवायचा होता. झाला त्याचा मनोरा.

२३ मार्चच्या रविवारी झ्विंगलीने या विषयावर प्रवचन केलं. तेच पुढे विस्तारून १६ एप्रिलला छापलं गेलं. छापलं कोणी? फ्रोशाउअरनेच, आणि तेही ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी. झ्विंगलीचा मुद्दा थोडक्यात असा: उपवास करायचा तर करा, नसेल करायचा तर करू नका, पण ख्रिस्ती माणसाला निवड मोकळी ठेवा. ज्याला रिकामा वेळ आहे त्याने खुशाल वरचेवर उपवास करावा. शेतात कुदळ आणि नांगर चालवणाऱ्याच्या वासना तिथेच पुरेशा ताब्यात येतात, असंही तो म्हणतो. म्हणजे त्याच्या मते कित्त्यातलं अक्षर उपवास हे नव्हतंच, मोकळेपण हे होतं. मात्र तो स्वतः सॉसेज न खाता उठला, हे विसरू नका. मोकळेपणाची बाजू घेणाऱ्याने स्वतःच्या मोकळेपणाला आवर घातला. कोणी याला मुत्सद्दीपणा म्हणतं, कोणी दुबळ्या मनाच्या शेजाऱ्याची कदर. मला दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं असं वाटतं.

एप्रिलच्या सुरुवातीला कॉन्स्टन्सच्या बिशपने आपली माणसं झुरिकला पाठवली. परिषदेने ९ एप्रिलला ठरवलं की सबळ कारणाशिवाय कोणी लेंटमध्ये मांस खाऊ नये, आणि बिशपकडे आणखी स्पष्टीकरण मागितलं. म्हणजे तात्पुरता नियम वाचला. पण नियम कुठून येतो हा प्रश्न जो एकदा विचारला गेला तो परत डब्यात गेला नाही.

दुसरं गाव विटेनबर्ग. मार्टिन लूथर त्या वेळी वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. त्याच्या गैरहजेरीत गावात सुधारणेने वेग घेतला होता. आंद्रेआस कार्लश्टाट या त्याच्या सहकाऱ्याने १५२१ च्या नाताळात साध्या कपड्यांत मिस्सा केला, लोकांना भाकरीबरोबर प्यालाही दिला. जानेवारीत चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं हटवायचा हुकूम निघाला. उपवासाच्या दिवशी लोक मुद्दाम दाखवून मांस आणि अंडी खाऊ लागले. लूथर हे ऐकून किल्ला सोडून ६ मार्चला विटेनबर्गला आला, आणि ९ मार्चच्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत आठ दिवस आठ प्रवचनं केली. ९ मार्च, लेंटचा पहिला रविवार. पश्चिम युरोपातल्या चर्चमध्ये त्या दिवशीचा ठरलेला उतारा येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांचा. आता कळलं ना, झुरिकसाठीही ९ मार्च का सोयीची आहे? एकाच दिवशी एका गावात सॉसेज आणि दुसऱ्या गावात प्रवचन! मथळ्याला छान. म्हणूनच सावध राहायचं.

लूथरने काय सांगितलं? उपवास मोडणाऱ्यांना त्याने सिद्धान्तात बरोबरच ठरवलं. खाण्यापिण्यात माणूस मोकळा आहे, पोपने सक्ती केली तर मुद्दाम खा, असंही तो म्हणतो. पण शेजारी अजून कच्चा असेल, त्याला तुमचं खाणं बघून धक्का बसणार असेल, तर खाऊ नका. आई आपल्या बाळाला काय देते? आधी दूध, मग पेज, मग अंडं आणि मऊ अन्न. तुम्ही स्वतः आईच्या अंगावर वाढलात आणि आता दुसऱ्याच्या घशात एकदम दगडासारखा घास कोंबताय, असा त्याचा रोख आहे. श्रद्धा आहे पण प्रेम दिसत नाही, ही त्याची विटेनबर्गकरांबद्दलची तक्रार. आणि जबरदस्तीने कोणाला पुढे ओढायचं नाही. शब्द सांगायचा, बाकी त्या शब्दावर सोडायचं.

त्याच सुमारास छापून आलेल्या एका लहानशा प्रस्तावनेत लूथरने हाच मुद्दा मुळापासून मांडला होता. शुभवर्तमानं वाचताना ख्रिस्ताकडे आधी देणगी म्हणून बघा, मग कित्ता म्हणून. क्रम उलटा केलात तर ख्रिस्ताचा दुसरा मोशे होतो, म्हणजे आणखी एक नियम सांगणारा. मला वाटतं लूथरच्या सगळ्या भांडणाची चावी या क्रमात आहे. अनुकरण त्याला नको होतं असं नाही. अनुकरणाने माणूस ख्रिस्ताचा होतो हे त्याला मान्य नव्हतं. ख्रिस्ताचा झालेला माणूस अनुकरण करतो, असं त्याचं म्हणणं. तुमच्या विषयात ‘अमक्याने तमकी प्रथा नाकारली’ असं वाक्य आलं, की तपासा: प्रथा नाकारली, की क्रम?

तिसरं ठिकाण स्पेनमधलं मोन्सेरात आणि त्याच्याजवळचं मान्रेसा. इथला माणूस तेव्हा कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. इनिगो लोयोला, तिशीतला बास्क सरदारपुत्र. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना वाचायला शौर्यकथा मागितल्या तर घरात निघाली दोन पुस्तकं: सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेलं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तो वाचू लागला आणि टिपणं काढू लागला. साधारण तीनशे पानांची वही केली त्याने; ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने, मरियेचे निळ्या शाईने. संशोधक होण्याचं सगळं लक्षण होतं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला फार आवडते. पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं बघताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं व्हायचं. फ्रान्सिसने जे केलं ते मीही केलं तर, डॉमिनिकने केलं ते मीही केलं तर, असे विचार आले की ते संपल्यावरही आनंद टिकायचा. त्याने विचार मोजला नाही. विचार गेल्यानंतर उरलेला परिणाम मोजला. ही निरीक्षणाची पद्धत आहे, आणि याच निरीक्षणातून पुढे मोठी व्यवस्था उभी राहिली.

पण लगेच नाही. आधी तो सरळ कित्ता गिरवायला निघाला, तोही सरदाराच्या पद्धतीने. मोन्सेरातच्या मठात तीन दिवस लेखी पापनिवेदन केलं. २४ मार्चच्या रात्री, म्हणजे झुरिकच्या त्या प्रवचनाच्या दुसऱ्याच दिवशी, आपले उंची कपडे काढून एका भिकाऱ्याला दिले, गोणपाटासारख्या जाड कापडाचा झगा अंगात चढवला, तलवार आणि खंजीर मरियेच्या वेदीपाशी टांगायला दिले, आणि नव्या शिलेदाराने जागरण करावं तशी रात्र जागून काढली. पहाटे निघाला. थोडं पुढे जातो तोच मागून एक माणूस धावत आला: एका भिकाऱ्याजवळ भारी कपडे सापडलेत, तो म्हणतो तुम्ही दिले, खरं का? कपडे चोरीचे समजून भिकाऱ्याला लोकांनी धरलं होतं. इनिगोच्या डोळ्यांत पाणी आलं. अनुकरणाच्या पहिल्याच दिवशी त्याचं दान दुसऱ्याच्या अंगाशी आलं.

मान्रेसात त्याने उपवास आणि कष्ट यांची हद्द गाठली. भिक्षा मागायची, मांस नाही, दारू नाही, फक्त रविवारी दिली तर थोडी. पूर्वी केसांची नीट निगा राखायचा म्हणून आता केस आणि नखं वाढू दिली. दिवसातले सात तास प्रार्थना. आणि मग मनाला शंकेचा भुंगा लागला: पापनिवेदन पूर्ण झालं का, काही राहिलं का? पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. जीव देण्याचे विचार येऊ लागले. एका संताच्या कथेत वाचलं होतं तसं त्याने रविवार ते रविवार काहीच खाल्लं नाही. शेवटी धर्मगुरूने हुकूम करून उपवास सोडायला लावला. इथे कित्ता गिरवणं हे खरोखर जिवावर बेतलं होतं. भक्तीच्या इतिहासावर काम करणारे अनेक जण हा भाग ‘तपश्चर्या’ या एका शब्दात उरकतात. उरकू नका. चरित्रनायकाने स्वतः तो लपवलेला नाही.

यातून तो हळूहळू बाहेर आला. पुढे त्याने सांगितलं की शाळामास्तराने मुलाला शिकवावं तसं त्या दिवसांत देवाने मला शिकवलं. नखं कापली, केस कापले. आणि एके दिवशी सकाळी उठल्यावर डोळ्यांसमोर मांसाचं ताट दिसलं, इतकं स्पष्ट की जणू समोर वाढलंय, आणि यापुढे मांस खायचं हा निश्चय झाला. धर्मगुरूने विचारलं, हा मोह तर नाही ना? त्याने पुन्हा पुन्हा तपासलं आणि शंका उरली नाही. झुरिकमध्ये ज्या ताटावरून खटला झाला, त्याच ताटाशी हा माणूस वेगळ्या वाटेने येऊन पोचला. तो पोपचा कट्टर माणूस राहिला, लूथर आणि झ्विंगली त्याला कधीच पटले नसते. पण उपवास म्हणजेच ख्रिस्त नव्हे, हे त्यालाही उपाशी राहूनच समजलं.

मान्रेसातल्या टिपणांतून वाढत गेलेलं पुस्तक म्हणजे ‘आध्यात्मिक साधना’. १५४८ मध्ये पोप तिसरा पॉल याने त्याला मान्यता दिली. हे वाचायचं पुस्तक नाही, करायचं आहे, लॅब मॅन्युअलसारखं. चार ‘आठवड्यां’चा क्रम, त्यात दुसऱ्यात ख्रिस्ताचं जीवन, तिसऱ्यात दुःखसहन. प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा, माणसं बघायची, त्यांचं बोलणं ऐकायचं. त्यात आत्मपरीक्षणाचा एक तक्ता आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा. एक दोष निवडायचा. दुपारी आणि रात्री मागे वळून बघायचं आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. मग आदल्या दिवसाशी तुलना, आदल्या आठवड्याशी तुलना. विज्ञान शिकलेल्या कोणालाही हा तक्ता पहिल्यांदा दिसला की हसू येतं आणि मग जरा गप्पच व्हायला होतं. मोजून माणूस बदलतो का? लूथरने या तक्त्याकडे बघून काय म्हटलं असतं त्याची कल्पना करता येते.

पण याच पुस्तकात जेवणाबद्दलचे नियमही आहेत, आणि त्यातला एक या सगळ्या चर्चेच्या मर्माशी जातो. जेवताना असं समजा की ख्रिस्त आपल्या शिष्यांबरोबर जेवतोय. तो कसा खातो, कसा पितो, कसा बघतो, कसा बोलतो ते बघा, आणि तसं करायचा प्रयत्न करा. काय खायचं ते इथे मागे पडलं. कसं खायचं आणि कोणाकडे बघत खायचं, हे पुढे आलं. विचार आणि कृती यांची गाठ इनिगोने अशी एका घासापाशी बांधली.

आपल्याकडे ही परंपरा समुद्रमार्गे आली. इनिगोने, म्हणजे इग्नेशियसने, स्थापन केलेल्या जेझुइट संघाला १५४० मध्ये मान्यता मिळाली, आणि १५४२ मध्ये त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरला. राशोलला १६१६ मध्ये ज्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं तो थॉमस स्टीफन्सही याच साधनेतून घडलेला. ख्रिस्ताचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायची शिस्त आणि मराठी ओवी यांची तिथे गाठ पडली. दुसऱ्या बाजूला अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन ज्या प्युरिटन वळणाच्या काँग्रिगेशनल परंपरेतून आली, तिला झुरिककडच्या सुधारकांचा वारसा होता, आणि त्या परंपरेत लेंटचे सक्तीचे उपवास नव्हते. मराठी ख्रिस्ती समाजांच्या रिवाजांवर कोणाला काम करायचं असेल तर वसई आणि नगर यांची तुलना इथून सुरू करता येईल.

आता पुराव्याकडे परत, कारण तुमच्या कामाचा भाग तो. तीन ठिकाणांचे कागद तीन जातींचे आहेत. झुरिकच्या साक्षी घटनेनंतर लगेच लिहिलेल्या, पण चौकशीच्या दडपणाखाली. साक्षीदार स्वतःला वाचवत बोलणार. लूथरची प्रवचनं ऐकणाऱ्यांच्या टिपणांतून आली आहेत, त्याच्या स्वतःच्या हातची नाहीत. वाक्याची धार कोणाची, हा प्रश्न राहतोच. इग्नेशियसची कहाणी त्याने १५५३ ते १५५५ मध्ये रोममध्ये लुईस गोन्साल्विस द कामारा याला सांगितली. तो ऐकायचा, जाऊन टिपणं काढायचा, मग लेखनिकाला सांगायचा. म्हणजे तीस वर्षांनंतरची आठवण, दोन हातांतून आलेली, आणि तीही तृतीय पुरुषात: ‘मी’ नाही, ‘यात्रेकरू’. मग झुरिकचा पुरावा जास्त खरा आणि मान्रेसाचा कमी? एवढं सरळ नाही. काय खाल्लं ते साक्षीतून कळतं. ते खाण्याचा अर्थ माणसाला पुढे तीस वर्षं काय वाटत राहिला, ते साक्षीतून कधीच कळणार नाही.

विज्ञानातून आलेल्यांना इथे ‘नैसर्गिक प्रयोग’ हा शब्द सुचेल: एकच काळ, एकच नियम, तीन ठिकाणं. शब्द जपून वापरा. तिन्ही ठिकाणी नियम एक असला तरी भाषा, सत्ता आणि पैशाची गणितं वेगळी होती, आणि तिन्ही माणसं आपण मागाहून, ती प्रसिद्ध झाल्यावर निवडली आहेत. त्या लेंटमध्ये लाखो लोकांनी मुकाट्याने पेज खाल्ली, त्यांची तुलनेत गणतीच नाही. तरी तुलना निरुपयोगी ठरत नाही. तिच्यामुळे एक गोष्ट दिसते जी एकेका चरित्रात दिसत नाही: ‘ख्रिस्तासारखं व्हा’ हे वाक्य तिघांनाही मान्य होतं, आणि भांडण होतं ते त्या वाक्याचं ओझं कोणी उचलायचं यावर.

म्हणून मला या तिघांपेक्षा कडेची माणसं जास्त सतावतात. एल्सी फ्लामरला परिषदेने विचारलं की कोणी कोणी खाल्लं. मोन्सेरातच्या त्या भिकाऱ्याचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते एवढंच, की कपडे मला दिले; आणि तेही इनिगोच्या तोंडून, तीस वर्षांनी. तो पुढे सुटला का, ते कपडे त्याच्याकडे राहिले का, हे त्या आत्मकथेत नाही.